यल्लक्कांचा रथ आणि आमचा खटारा कॉम्प्युटर

कमरीपेठेत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पाटीवर ‘ज्योती कॉम्प्युटर्स’ असं लिहिलंय. ते अनेकवचन म्हणजे पाटी रंगवणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा. आत कॉम्प्युटर एकच आहे, आणि तोही आहे म्हणायचा एवढंच. सकाळी बटण दाबलं की पंखा घरघरतो, मग थांबतो, मग एक चापट खाऊन पुन्हा घरघरतो. मॉनिटरवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आहे. पासपोर्टचा फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, “बाई, माझ्या कानावर हे हिरवं काय आलंय?” मी सांगते, “कान तुमचा चांगलाय, काच माझी बिघडलीय.” माऊस एकदा दाबला तर दोनदा दाबल्याचं धरून चालतो. प्रिंटरच्या तोंडासमोर कागद ठेवलेला असतो आणि तो कागद संपल्याची बोंब मारतो. दसऱ्याच्या आयुधपूजेला मी या सगळ्यांना झेंडूचे हार घालते, कुंकू लावते, आणि उरलेलं वर्षभर तोंड सोडते. माझी आई म्हणायची, ज्योती गप्प बसली तर समजावं हिला ताप आलाय.

याच दुकानात, याच मशीनवर मी यल्लक्कांना रथ काढताना पाहिलं. त्याला बरेच दिवस झाले, पण तो विषय निघाला की अजून माझा आवाज आपोआप खाली येतो.

यल्लव्वा आमच्या मागच्या गल्लीतल्या. सगळी गल्ली त्यांना यल्लक्का म्हणते. नवरा सिद्राम कधीच वारले. मुलगा यशपाल आणि सून रश्मी दोघंही तारिहाळच्या एका कारखान्यात कामाला, त्यामुळे दिवसभर यल्लक्का घरी एकट्या. अंगानं किडकिडीत, पाठ ताठ, बोलणं कमी. मी त्यांना ओळखत होते ते त्यांच्या कामामुळे. यल्लक्कांनी उभा जन्म कसूती काढली.

कसूती म्हणजे आमच्या धारवाडकडचं भरतकाम. इरकली साडीच्या पदरावर, खणाच्या चोळीवर हत्ती, पाळणे, तुळशीकट्टे, गोपुरं काढतात. कापडावर आधी खडूनं किंवा पेन्सिलीनं काही उमटवायचं नसतं. कापडाचे धागे मोजत सुई जाते. जाताना एक टाका भरायचा, पुढचा सोडायचा, अशी सगळी आकृती फिरून यायची, आणि मग त्याच वाटेनं परत जात सोडलेले टाके भरायचे. दोरा जिथून निघाला तिथंच परत येतो. गाठ कुठंही मारत नाहीत. दुर्गदबैलच्या बाजारातले साडीवाले यल्लक्कांच्या घरी माणूस पाठवून साड्या भरून घ्यायचे, आणि भरलेली साडी बघितली की गिऱ्हाइकाच्या आधी दुकानातले नोकरच तोंडात बोट घालायचे.

त्यांच्याकडे एक रथ होता. तो त्यांना त्यांच्या आत्यानं दिलेला. दिलेला म्हणजे शेजारी बसवून काढून दाखवलेला. रथाला मजले, मजल्यांना खिडक्या, दोन्ही अंगांना मोर, वर कळस आणि कळसावर झेंडा. असा रथ दुसरं कुणी काढत नसे. यल्लक्कांनी तो कितीतरी साड्यांवर काढला, पण त्या साड्या कुठल्या कुठल्या घरी लग्नात गेल्या. भरणारीच्या घरात भरलेलं काही राहत नाही. एकही तुकडा त्यांच्यापाशी उरला नव्हता.

आणि मग त्यांचे हात कापायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं पाण्याचा तांब्या नीट धरता येऊ लागला, पण दोन धाग्यांच्या मधून सुई घालायची म्हणजे तांब्या धरणं नव्हे. रश्मीला शिकवायला त्या तयार होत्या. पण ती बिचारी कारखान्यातली पाळी संपवून यायची तेव्हा तिला भाकरी थापतानाही झोप येत असायची. सरकारी भरतकामाच्या वर्गातल्या मुली छापील नमुने बघून भरतात, त्यांना रथाची चिकाटी नव्हती. “माझ्यासंगं जाणार तो,” असं यल्लक्का एकदा माझ्याजवळ बोलल्या. रडत नव्हत्या, फक्त सांगत होत्या.

त्या दिवशी त्या पेन्शनच्या कामाला दुकानात आल्या होत्या. अंगठा घ्यायच्या मशीनवर त्यांचा अंगठा ठरत नव्हता आणि मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढं एकच वाक्य पाठ केल्यासारखं म्हणत होतं. मी त्याला चार शब्द सुनावले आणि म्हटलं, “बसा अक्का जरा, हात गार होऊ दे.” मधल्या वेळात मी महिला संघाच्या हिशेबाची शीट उघडली, ती चौकोनाचौकोनांची असते ती. यल्लक्का खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी आल्या.

“हे कापड हाय काय गे?” त्यांनी विचारलं.

“कापड कुठलं अक्का, हिशेब आहे.”

“हिशेब काढून टाक. मागचं दाखव.”

मी रिकामी शीट उघडली. त्या म्हणाल्या, बारीक कर. मी चौकोन बारीक केले. आणखी बारीक कर. सगळी काच मुंगीच्या डोक्याएवढ्या घरांनी भरून गेली तेव्हा त्या काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मग म्हणाल्या, “यातलं एक घर भर.” मी एक चौकोन काळा केला.

“आता उसव.”

मी एक बटण दाबून ते पुसलं. त्यांनी त्या रिकाम्या घरावरून बोट फिरवलं. “भोक राहिलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “उसवलं की कापडाला भोक राहतंय. याला काही कळलंच न्हाई बघ.” मला पुन्हा भरायला लावलं, पुन्हा उसवायला लावलं. पेन्शनचं काम त्या विसरूनच गेल्या. मीही विसरले.

चौकोनी रेघांच्या कागदावर काढा, असं मी त्यांना पूर्वी एकदा सांगून बघितलं होतं. पेन त्यांच्या हातात भलतीकडेच पळायचं. कीबोर्डचं तसं नाही. बटणावर बोट थरथरत पडलं तरी घर भरतं ते सरळच भरतं. दुपारी माझ्या दुकानात माशा मारायचंच काम असतं, तेव्हा त्या येऊ लागल्या. एकचा आकडा दाबला की घर काळं होईल अशी सोय मी करून दिली. ती कशी करायची हे मी फोनवर व्हिडिओ बघून शिकले, आणि शिकताना माऊस दोनदा आपटला. यल्लक्का एका बोटानं बाणाचं बटण दाबायच्या, एका बोटानं एकचा आकडा. ओठ हलत असायचे. पहिल्या दिवशी चाकाची खालची कड उमटली तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “माझा हात हालतोय, पण हे हालत न्हाई.” त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी देवळात दर्शनाला उभ्या राहिलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर बघितलंय.

आता इथं एक घोटाळा झाला. मी त्यांना सांगितलं, “अक्का, मधे मधे हे सेव्हचं बटण दाबत जा. म्हणजे गाठ मारल्यासारखं होतं, सुटत नाही.” त्यांनी मान डोलावली आणि ते बटण चुकूनसुद्धा दाबलं नाही. कसूतीत गाठ नसते. दोरा फिरून घरी येईपर्यंत मधे गाठ मारणं त्यांच्या हिशेबी कामाचा अपमान होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं, चाक होऊन पहिला मजला चढत आला आणि कमरीपेठेची वीज गेली. आमच्या यूपीएसनं एकदा कुईं केलं आणि जीव सोडला. वीज आली तेव्हा शीट धुतल्यासारखी कोरी होती.

मी वीजवाल्यांपासून यूपीएस विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. मग यल्लक्कांना विचारलं, “बटण का नाही दाबलं?” त्यांनी कारण सांगितलं. मीच त्याला गाठ म्हटलं होतं. “इरली,” त्या म्हणाल्या, असू दे. पण उठताना त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

पुढच्या खेपेला मी त्यांच्या नकळत सेव्ह करत गेले. संध्याकाळी त्या घरी गेल्या, मी खुशीत मशीन बंद केलं. दुसऱ्या दुपारी ती अर्धी आकृती उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, “घ्या, इथून पुढं.” यल्लक्का बसल्या. बघत राहिल्या. बाणाच्या बटणावर बोट ठेवलं, उचललं. मला वाटलं चष्मा पाहिजे असेल.

“हे कुणी काढलंय?” त्या म्हणाल्या.

“तुम्हीच की. काल.”

“असल. पण दोरा कुठं हाय ते कळंना.”

मी काचेवर बोट ठेवून दाखवलं, हे चाक, हा दांडा, आता खिडकी यायची. त्यांनी मान हलवली. “मला रथ दिसत न्हाई गे तंगी,” त्या म्हणाल्या. धाकट्या बहिणीला आमच्याकडे तंगी म्हणतात, मला त्या लाडात आल्या की तंगी म्हणायच्या. “मला वाट ठाऊक हाय. चाकापासनं चालाय लागलं की पाय आपोआप पडतात. मधनं कुणी सोडलं तर मी कुठनं जाऊ?”

मला ताप नव्हता, तरी त्या दुपारी मी गप्प बसले. इतके दिवस मी समजत होते की यल्लक्कांच्या डोक्यात रथाचं चित्र आहे आणि त्या ते बघून बघून उतरवतात. तिथं चित्र नव्हतंच. एक लांबच लांब वाट होती, दोन घरं वर, एक सोड, तीन आडवी, मधलं सोड, अशी वळणंच वळणं, आणि त्या वाटेवरून त्या जन्मभर ये-जा करत होत्या. त्यांच्या आत्याही त्याच वाटेवरून चालत असणार, आणि आत्याला चालवणारी आणखी कुणी. चालून झालं की रथ मागे उभा राहायचा. एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात कसं मावतं ते मला अजून कळलेलं नाही. मला माझ्याच मेलचा पासवर्ड आठवत नाही.

म्हणजे झालं काय, की रथ काढायचा तर एका बैठकीत काढायला हवा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, जाणं आणि येणं, मधे न थांबता. एका म्हाताऱ्या बाईला ते जमत होतं. प्रश्न माझ्या कॉम्प्युटरचा होता. न कुरकुरता एक अख्खी दुपार चालणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

शेजारी दीपकचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं यूपीएसची बॅटरी बदलून दिली. मॉनिटरकडे बघून मात्र तो म्हणाला, “ज्योतीअक्का, याचं काही खरं नाही. याला आता मान द्या आणि घरी बसवा.” मी म्हटलं, तुझा दुकानातला देतोस का? तर म्हणाला त्यावर त्याचं पोट चालतं. खरंच होतं ते.

पुन्हा सुरुवात केली. या खेपेला उजव्या बाणाचं बटण अडकलं आणि काळ्या घरांची एक रेघ रथाच्या चाकातून निघून काचेच्या कडेपर्यंत धावत सुटली. यल्लक्का म्हणाल्या, “आगगाडी झाली.” त्यांचं बोट कापत होतं म्हणून बटण दाबून राहिलं की बटणच मुळात चिकट, हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा ठरलं की बटणं मी दाबायची आणि त्यांनी सांगायचं.

तसं सुरू झालं. त्या माझ्या शेजारी बसून हळू आवाजात पुटपुटायच्या, “दोन वर. सोड. एक वर. उजवीकडं तीन, मधलं सोड. तिरकं खाली…” डोळे बहुतेक वेळ मिटलेले. मी बटणं दाबत जायचे. आधी मला सारखं विचारावं लागायचं, काय म्हणालात, किती म्हणालात. एक-दोन दुपारींनंतर विचारावं लागेना. बाहेर हातगाडीवाले ओरडत असायचे, ऑटोंचे हॉर्न वाजत असायचे, आणि आमच्या दोघींच्या मधे ते पुटपुटणं चाललेलं असायचं. मीसुद्धा त्यांच्याबरोबर ओठ हलवायला लागले, मोजायला बरं पडायचं म्हणून.

पण मशीन काही सुधारलं नाही. एकदा खिडक्यांपर्यंत पोचलो आणि शीट पांढरी पडून ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहून आलं. त्याला विचारलंय कुणी? एकदा माऊसला नुसता धक्का लागला आणि त्यानं आपल्या सवयीप्रमाणे दोनदा दाबून घेऊन अख्खी ओळ गिळली. प्रत्येक वेळी यल्लक्का म्हणायच्या, “चाकापासनं घे.” प्रत्येक वेळी तीच वाट, तीच वळणं, एका घराचाही फरक नाही. हे मी मुद्दाम पडताळून बघितलं होतं. जुनी अर्धी फाईल आणि नवी, दोन्ही उघडून. एक घर इकडचं तिकडे नव्हतं.

एका दुपारी आम्ही जवळजवळ जिंकलो होतो. डावं चाक, मजले, मोर, कळस, झेंडा, मग उतरत उतरत दुसरा मोर, आणि शेवटचं उजवं चाक. जायची वाट संपली, आता फक्त परत यायचं. परतीचं सोपं, सोडलेली घरं भरत यायचं. मी बोटं मोडून घेतली. तेवढ्यात काच निळी झाली. कॉम्प्युटरला त्याच क्षणी आपल्या प्रोग्राममध्ये सुधारणा करून घ्यायची बुद्धी झाली होती. ‘कृपया बंद करू नका’ असं म्हणून तोच बंद झाला, आणि मोजण्याच्या नादात मी एकदाही सेव्ह केलेलं नव्हतं.

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दीपक आपलं दुकान सोडून बघायला आला. यल्लक्का मात्र पदर सावरून उठल्या. “साकु,” त्या म्हणाल्या, पुरे. “तुझं मशीनबी माझ्यासारखंच झालंय. नको त्याला तरास.” आणि गेल्या. पुढचे बरेच दिवस आल्या नाहीत.

आली ती रश्मी. सुट्टीच्या दिवशी सकाळी रेशनच्या कामाला म्हणून आली, पण काम सांगून उभीच राहिली. मी म्हटलं, “काय गं?”

“अत्ती विसरायल्यात,” ती म्हणाली. सासूला आमच्याकडे अत्ती म्हणतात. “परवा नळावरनं घागर घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मला विचारल्या, तू कुणाची. मग हसल्या, म्हणजे थट्टा केल्यासारखं दाखवल्या. पण थट्टा नव्हती ती.”

“डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढणार,” ती म्हणाली. “तुमच्या दुकानात येत होत्या तवा बऱ्या होत्या. जमलं तर बोलवा की त्यांना.”

ती गेल्यावर मी त्या खटाऱ्याकडे बघत बसले. खरं सांगते, मला भीती वाटली. तोवर ही माझ्या मनात एक गंमत होती, म्हातारीची हौस आणि माझा रिकामा वेळ. आता कळलं की दोन मशीनं एकाच वेळी बंद पडायला आली होती, आणि त्यातलं एक कुणालाही दुरुस्त करता येण्यातलं नव्हतं.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, “अक्का, आणखी एकदा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला ओळखलं, आणि चपला शोधायला लागल्या.

मी नेटची वायर ओढून काढली, म्हणजे सुधारणेची बुद्धी व्हायला नको. माऊस तर टेबलाखालीच टाकला. बाणाची बटणं पुसून घेतली. शटर अर्धं ओढलं आणि बाहेर खुर्ची आडवी लावली. मशीनला हात जोडले, आयुधपूजा लांब होती तरी.

“चाकापासनं घे,” यल्लक्का म्हणाल्या.

चाक झालं. दांडा झाला. पहिला मजला चढलो. त्या पुटपुटत होत्या, मी दाबत होते, माझे ओठ हलत होते. दुसरा मजला निम्मा झाला आणि मॉनिटरनं एक उचकी दिली. हिरवी रेघ गेली. तिच्यामागोमाग सगळंच गेलं. काच काळी.

खाली पंखा घरघरत होता. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत होता, तोंड तेवढं काळं झालं होतं. मी बोटं बटणांवरून हलवली नाहीत. हलवली तर दोरा सुटेल, एवढंच डोक्यात होतं. दीपकला हाक मारली, पण त्याच्या दुकानातून उत्तर आलं नाही. तेव्हा मला त्याचंच बोलणं आठवलं, असल्या मॉनिटरच्या आतला दिवा जातो, चित्र असतंच, बाहेरून बॅटरी मारली की अंधुक दिसतं.

“अक्का, माझ्या मोबाईलचा दिवा लावलाय, हा घ्या. असा धरा, काचेजवळ.”

त्यांनी मोबाईल धरला. उजेडाच्या गोलात रथाचा एक तुकडा दिसला, राखेवर काढल्यासारखा. त्यांचा हात कापत होता म्हणून तो गोल सारखा हलत होता, आणि त्या हलत्या उजेडात आता खिडकी, आता दांडा, आता नुसताच काळोख असं दिसायचं. मी म्हटलं, “सांगा पुढं.” त्या सांगू लागल्या. दोन वर. सोड. एक वर. मी त्या तुकड्यांकडे बघायचंही बंद केलं, त्यानं डोळे दुखायला लागले होते. बोटं चालत राहिली. मोर आला. मोराची चोच, मान, पिसारा. वळण घेतलं. कळस. झेंडा. आणि मग उतार, दुसरा मोर, मजले, उजवं चाक. मग तिथंच वळून परत, सोडलेली घरं भरत, चाकातून वर, मोरातून, झेंड्यावरून, पुन्हा खाली. मधे एकदा बाहेरून कुणीतरी “झेरॉक्स हाय काय?” म्हणून विचारलं. मी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, त्या वेळी मला कुणी माझं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

शेवटचं घर भरलं आणि बोट आपोआप थांबलं. पुढे जायला वाटच नव्हती. आम्ही निघालो तिथं येऊन पोचलो होतो. मी सेव्ह केलं, आणि या वेळी यल्लक्कांनी हरकत घेतली नाही.

दीपक जेवून आला होता. आमचे चेहरे बघून त्यानं स्वतःच्या दुकानातला मॉनिटर उचलून आणला, वायर काढून जोडली. काच उजळली.

मी तो रथ तोवर कधी पुरा बघितला नव्हता. तो काचेच्या मधोमध उभा होता. मजल्यावर मजला, प्रत्येक खिडकी आपल्या जागी, दोन मोर एकमेकांकडे बघताहेत, वर झेंडा. कुठं एक घर कमी नाही, एक जास्त नाही. दीपकनं हळूच डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यालाही सांगता येणार नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

“बघा अक्का,” मी म्हटलं. “तुम्ही सांगत होता ते सगळं आलं.”

यल्लक्का काचेजवळ सरकल्या. मोबाईल अजून त्यांच्या हातात होता, त्याचा दिवाही चालूच होता.

“मोरापर्यंत मी सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मोराच्या मानेपाशी आलो आणि मला पुढचं काही आठवंना. सगळं पुसून गेलं. मी तुझा हात धरणार होते, थांब म्हणणार होते.”

“मग?”

“तू थांबलीस कुठं? तू चालत राहिलीस. मी गप्प बसून ऐकत होते.”

मी आठवायला लागले. मोरानंतर मला ऐकू येत होता तो आवाज कुणाचा होता? बारीक होता, पुटपुटता होता, दोन वर, सोड, एक वर. मी दीपककडे बघितलं, जसं काही त्याला ठाऊक असणार होतं.

मला सुईत दोरा ओवता येत नाही. शर्टाचं बटण तुटलं तर मी शिंप्याकडे देते. तेच मी यल्लक्कांना सांगायला लागले, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी मोबाईलचा दिवा कसा बंद करायचा ते मला विचारलं, तो बंद करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “उद्या दुपारी घरी ये. कापड माझ्याकडं हाय.”